मुळांवरची बुरशी, उसाचं पाचट आणि जमिनीतला कर्ब

पाचटवाला (हुक्केरी)

यंदा उसाच्या लावणीला आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मायकोरायझाची, म्हणजे पिकाच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीची पाकिटं काउंटरवरच मांडलेली दिसतात. मुळं वाढतात, डीएपी निम्मं करा, आणि आता नवी भर म्हणजे 'जमिनीत कर्ब (कार्बन) साठवते'. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. यातलं काही खरं आहे, काही ताणलेलं. आणि पाकिटावर जे लिहायला परवडत नाही ते असं, की ही बुरशी आपल्या बहुतेक रानांत मुळातच आहे. ती आपण टिकू देतो का, एवढाच प्रश्न.

आधी स्फुरदाचं, म्हणजे फॉस्फरसचं बघू. नत्र पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतं, स्फुरद तसा येत नाही. खानापूर आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला तांबड्या, जांभ्याच्या आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून बसतात. इकडे अथणी, रायबाग, गोकाकच्या काळ्या रानांत तेच काम चुना करतो. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा एकदा रिकामा झाला की त्यापलीकडचा स्फुरद हाकेच्या अंतरावर असूनही मुळाच्या कामाचा नाही. आपण टाकलेल्या डीएपीतला स्फुरदही पहिल्या हंगामात पाचवा हिस्सा लागू पडला तरी खूप झालं. बाकीचा मातीत अडकतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर स्फुरद 'जास्त' आणि पीक मात्र भुकेलं, असं कितीतरी रानांत असतं. (पत्रिका कन्नडमध्ये येते, घरातल्या शाळकरी पोरांकडून वाचून घ्या, पण वाचा.)

बुरशीचे तंतू काही मायक्रॉन जाडीचे, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहून बारीक. मूळरोम जिथं शिरत नाहीत त्या फटींत ते शिरतात आणि मुळापासून काही सेंटिमीटर लांबचा स्फुरद ओढून आणतात. जस्त आणि तांबंही आणतात. मुळात शिरल्यावर ही बुरशी पेशीची भित्तिका ओलांडते आणि आत बारीक बारीक फांद्या फोडते; त्यांना अर्बस्क्यूल म्हणतात. या फांद्या काही दिवसच टिकतात, विरतात, मग दुसऱ्या पेशीत नव्या फुटतात. सगळा व्यवहार तिथं होतो. बुरशी स्फुरद देते, पीक साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. स्निग्ध पदार्थांचं २०१७ साली पक्कं झालं. या बुरशीला ते स्वतःला बनवताच येत नाहीत, पूर्ण मदार पिकावर. पानांत तयार झालेल्या अन्नापैकी साधारण ४ ते २० टक्के असं खाली जातं.

म्हणजे पीक याची चांगली किंमत मोजतं. मुळाशी आयता विद्राव्य स्फुरद मुबलक असेल तर ते हात आखडतं आणि बुरशीला फारसं आत घेत नाही. एकाच सरीत डीएपीची पोती रिकामी करायची आणि वरून मायकोरायझाही टाकायचा, हा प्रकार मला म्हणूनच पटत नाही.

हे ज्ञान नवं नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक याने १८८५ साली या जोडीला मायकोरायझा म्हटलं. प्रशियात ट्रफल नावाच्या महागड्या भूमिगत अळंबीची लागवड जमते का ते बघायचं काम त्याच्याकडे होतं. लागवड राहिली बाजूला, हे हाती लागलं. आणि जोडी तर त्याहून फार म्हणजे फारच जुनी. स्कॉटलंडमध्ये राइनी इथल्या खडकात सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म आहेत. त्यांना धड मुळंही नव्हती, पण पेशींत या फांद्या आहेत.

कर्बाचं वेगळं लिहितो. जेवून येतो.

कडोली_माळवं

दादा, चांगलं लिवलाय. पण कोबीचं काय? आमच्याकडं कोबी, मग बटाटा, परत कोबी, मधी जागा मिळाली तर फ्लॉवर, असंच चालू असतंय. दुकानात कोबीला पण हेच टाका म्हणून सांगालेत. सगळ्या पिकांला चालतंय म्हणे.

पाचटवाला

कोबीला टाकू नका, पैसे पाण्यात. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी हे सगळं कुळच या बुरशीला मुळात घेत नाही. पालक, बीट, राजगिरा यांचंही बहुतेक तसंच. बटाटा, रताळी, मिरची, टोमॅटो, वांगी, मका, ज्वारी, सोयाबीन, भुईमूग, तूर, ऊस हे घेतात. कांद्याला तर तिच्यावाचून अवघडच, कारण त्याची मुळं जाड, विरळ आणि मूळरोम नावाला.

तुमच्या फेरपालटात अडचण वेगळी आहे. कोबी रानात असेपर्यंत बुरशीला खायला मिळत नाही. जिवंत मुळाशिवाय ती वाढत नाही, नुसते बीजाणू पडून राहतात आणि हळूहळू कमी होतात. मोहरीच्या कुळातल्या पिकावर मका घेतला तर सुरुवातीला त्याच्या मुळांत बुरशी कमी सापडते, हे परदेशातल्या प्रयोगांत दिसलंय. दोन कोब्यांच्या मध्ये मका, सोयाबीन किंवा नुसता ताग जरी घेतला तरी फरक पडेल. बाजारभावाचं गणित मी तुम्हाला शिकवायला नको, ते तुम्ही बघा.

काउंटरपलीकडून (चिकोडी)

मी दुकानदार. सगळे आमच्यावरच घसरतायत म्हणून लिहितो.

गिऱ्हाईक पाकीट मागतं, आम्ही देतो. पण विचारलं तर खरं सांगणारेही आहेत. ही बुरशी ट्रायकोडर्मासारखी (ती दुसरी उपयोगी बुरशी) टाकीत वाढत नाही. मका-ज्वारीच्या मुळांवर कुंड्यांत वाढवावी लागते, नाहीतर प्रयोगशाळेत गाजराच्या मुळांच्या संवर्धनावर. म्हणून महाग पडते. गूळ, ताक, बेसनात भिजवत ठेवून मायकोरायझा 'दुप्पट' करायचे व्हिडिओ फिरतायत. त्या बॅरलमध्ये वाढतं ते दुसरंच काहीतरी. जिवंत मूळ नाही तर ही बुरशी नाही, एवढं लक्षात ठेवा.

घ्यायचंच असेल तर पाकिटावर जिवंत बीजाणूंचा आकडा आणि अंतिम तारीख बघा. उन्हात पत्र्याखाली ठेवलेला माल घेऊ नका. आणि मुळाला चिकटेल असं टाका, बेण्याजवळ किंवा रोपाच्या खड्ड्यात. वरून फेकून काही होत नाही.

माझ्या मते पाकिटाचा खरा उपयोग रोपवाटिकेत. ट्रेमधलं कोकोपीट निर्जीव असतं, तिथं ऊसरोप किंवा मिरचीचं रोप बुरशीशिवायच वाढतं. दुसरं म्हणजे सपाटीकरणात वरची माती गेली ती रानं.

कल्लोळकाठ

आमचं रान कृष्णा-दूधगंगेच्या संगमाजवळ. २०१९ च्या ऑगस्टात पाणी चढलं ते उतरायचं नाव घेईना, ऊस कुजून गेला. नंतर रान साफ करून मका केला तर पानं कडंनं जांभळी. खत तर भरपूर टाकलेलं. गाळ आला म्हणजे जमीन सुपीक झाली म्हणून सगळे सांगत होते आणि मका उठंना. २०२१ ला परत तसंच. त्याचा ह्या बुरशीशी काय संबंध असंल काय?

शंकेखोर

बराच संबंध असू शकतो. अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये १९९३ च्या महापुरानंतर नेमकं हेच झालं होतं. पुराखाली रिकामं राहिलेल्या रानात पुढच्या वर्षी मका पेरला तर रोपं खुरटी, पानं जांभळी, म्हणजे स्फुरदाची कमतरता; आणि माती तपासली तर स्फुरद पुरेसा. मुळांत मायकोरायझा फार कमी होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या काळ्या जमिनीत पूर नव्हता, पण रान बराच काळ पड ठेवल्यावर हेच दिसलं, आणि १९८७ साली त्याचा बुरशीशी संबंध दाखवला गेला. तिथं जस्ताचीही कमतरता होती. कारण दोन्हीकडे एकच. बुरशीला लागणारं जिवंत मूळ रानात नव्हतं, आणि पाण्याखाली तर मातीत हवाही नाही.

जांभळ्या पानाची इतर कारणंही असतात: थंडी, गच्च माती, मुळाला इजा. पण पुरानंतर पहिलं पीक मका किंवा ज्वारी असेल तर स्फुरद थोडाच पण बियाण्याशेजारी पडेल असा द्या, जस्त तपासून घ्या. पाणी उतरल्यावर वाफसा येताच ताग किंवा सोयाबीन जे उगवेल ते उगवू द्या. मोकळं तापवू नका. दुकानदारभाऊंचं पाकीट वापरून बघायचं असेल तर ते अशाच रानात, आणि त्यातही एक पट्टा न टाकता ठेवा. नाहीतर कशानं सुधारलं ते कधीच कळणार नाही.

टिळकवाडी_गच्ची

शेती नाही, गच्चीवर कुंड्या आहेत. झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड आपल्या पिल्लांना अन्न पाठवतं, असं सगळीकडे ऐकू येतं. खरं का?

शंकेखोर

सुझान सिमार्ड यांनी १९९७ साली कॅनडाच्या जंगलात दोन जातींच्या रोपांमध्ये कर्बाची देवाणघेवाण होते हे दाखवलं. प्रयोग चांगला होता. त्यावर पुढं गोष्टी रचल्या गेल्या. २०२३ मध्ये याच क्षेत्रातल्या तिघा संशोधकांनी सगळे पुरावे तपासले तेव्हा दिसलं, की जंगलात अशी जाळी सर्वत्र आहेत, त्यातून रोपट्यांना भरपूर अन्न मिळतं आणि मोठं झाड स्वतःच्या पिल्लांना झुकतं माप देतं, या तिन्ही गोष्टींना पुरेसा आधार नाही. पुरावा मिळाला तर मीही मानेन. तोवर गच्चीवरची तुळस शेजारच्या मिरचीशी काय बोलते ते मला विचारू नका.

खानापूरची_लेक

मी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते. आमच्या मुलांचा ठरलेला प्रश्न इथं टाकते, कारण मोठेही तोच विचारतात. पहिल्या जोरदार पावसानंतर वारुळावर जी अळंबी उगवते आणि जांबोटी, कणकुंबीच्या रस्त्याला पानांत बांधून विकायला येते, ती हीच बुरशी का?

नाही. ती वाळवीनं पोसलेली. वाळवी झाडपाल्याचा चोथा वारुळात साठवते, त्यावर ही बुरशी वाढवते आणि तीच खाते. झाडाच्या मुळाशी तिचा करार नाही. पिकांच्या मुळांतली बुरशी छत्री उगवतच नाही. तिचे बीजाणू मातीतच, मोठ्यांत मोठा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. निलगिरीच्या लावणीत मातीतून मळकट गोळे वर येतात, फोडले की तपकिरी भुकटी उडते. ती मात्र मुळाशी जोडलेली बुरशी, पण वेगळ्या प्रकारची, मुळाला बाहेरून वेढणारी. ते गोळे खायचे नसतात, हे मुलांना मी दरवर्षी बजावते.

भाताबद्दलही लिहिते. भात म्हटलं की पाणी आणि पाण्यात ही बुरशी नाही, असं सरसकट सांगतात. आमच्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी मेमध्ये कुरीनं धूळवाफ पेरणी होते. रोपं सुरुवातीचे आठवडे ओलसर पण हवेशीर मातीत असतात, आणि अशा भातात बुरशी मुळांत शिरते. चिखलणी करून पाणी तुंबवलेल्या भातात फार कमी.

आणि हे सगळं डोळ्यांनी बघता येतं, म्हणून सांगते. पिकाची बारीक, पांढरी मुळं घ्यायची, दोऱ्यासारखी. जाड मुळं उपयोगाची नाहीत. धुऊन सेंटिमीटरभराचे तुकडे करायचे. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम पाण्यावर ठेवून पारदर्शक होईपर्यंत उकळायचे. हे द्रावण कातडी भाजतं, डोळ्यांत गेलं तर फार वाईट. हातमोजे, चष्मा, आणि मुलांनी हात लावायचा नाही. मग पाण्यानं नीट धुऊन, व्हिनेगरमध्ये ५ टक्के काळी पेनची शाई घालून त्यात तीन मिनिटं उकळायचे. सगळ्याच शाया चढत नाहीत, एखादी दुसरी बदलून बघावी लागते. शेवटी व्हिनेगरचे चार थेंब टाकलेल्या साध्या पाण्यात ठेवलं की मुळाचा रंग उतरतो आणि बुरशीचा राहतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिकट मुळाच्या आत निळे-काळे तंतू लांबच लांब धावताना दिसतात, मधेमधे अंडाकृती फुगे, आणि नशीब चांगलं असेल तर पेशी भरून टाकणाऱ्या त्या फांद्या. ज्वारीच्या मुळांत हमखास. नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, एवढी बुरशी आत आहे तर ज्वारी आजारी का पडत नाही?" तासभर त्यावरच गेला.

रायबागवाला

बाई म्हणतात ते ज्वारीचं पटलं. पण एक विचारालोय. पूर्वी जोंधळ्यात टारफुला हे तण यायचं, आता उसात पण दिसालंय. निपाणीकडं तंबाखूत बंबाखू. ही पण मुळावरच जगणारी. त्यांचं आणि ह्या बुरशीचं काय?

पाचटवाला

या धाग्यातला सगळ्यात भारी प्रश्न. स्फुरद कमी पडला की पिकाचं मूळ मातीत एक रसायन सोडतं, स्ट्रिगोलॅक्टोन. त्याच्या वासावर बुरशीचे तंतू फुटतात आणि मुळाकडे येतात. हे २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं. पण रसायन त्याच्या कितीतरी आधी सापडलेलं होतं, १९६६ मध्ये, आणि ते टारफुल्याचं बी उगवतं कशानं हे शोधताना! बुरशीला बोलवायची हाक टारफुला आणि बंबाखू चोरून ऐकतात. त्यांचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि ही हाक आली की उगवून थेट मुळाला चिकटतं.

म्हणून उपाशी रानात टारफुला जास्त. हेच रसायन झाडाच्या आत फुटवेही रोखतं. स्फुरद कमी असलेल्या भाताला, उसाला फुटवे कमी येतात त्यामागं जी कारणं आहेत त्यात हे एक. तर स्फुरद अजिबात बंद करा असं मी म्हणत नाही. कमी असेल तिथं द्यायचाच. पत्रिकेवर 'जास्त' दिसत असताना ओतत राहू नका, एवढंच.

रायबागवाला

आणि बुरशीनाशकाचं? बेणं आम्ही कार्बेन्डाझिमात बुडवतोय.

पाचटवाला

बेणेप्रक्रिया सोडू नका, ती बेण्यापुरती असते. सरीतून वारंवार ड्रेंचिंग करणं, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतणं वेगळं. कार्बेन्डाझिमच्या घरातल्या बेनोमिलचा उपयोग तर शास्त्रज्ञ मुद्दाम करतात, मायकोरायझा दाबून टाकलेलं रान कसं वागतं हे बघायला. यावरून काय ते समजा. गरज असेल तिथं वापरा, सवय म्हणून नको.

आता कर्ब. पीक जी साखर खाली पाठवतं ती तंतूंत जाते. तंतू मेल्यावर त्यांचे अवशेष चिकणमातीच्या कणांना चिकटतात, किंवा मातीच्या लहान खड्यांच्या आत अडकतात. तिथं जिवाणूंना ते सहज खाता येत नाहीत. हे खडे बांधायचं कामही तंतूच करतात. चांगल्या रानातलं ढेकूळ हातात घेऊन हलक्यानं फोडा, ते भाजक्या विटेसारखं तुटणार नाही, वाटाण्याएवढ्या खड्यांत सुटेल. रोटर मारला की हे खडे फुटतात, आतलं उघडं पडतं, जळतं. खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर येणाऱ्या उसात, लावणीसारखी मशागत नसते, मुळं जागेवर असतात, त्यामुळं तिथलं जाळं टिकतं. आणि पाचट एकरी तीन-चार टन पडतं. ते पेटवून आपण काय करतो? वरची माती भाजतो, आणि जे कुजून जमिनीत जाणार होतं ते धुरात घालवतो. बुडखे जमिनीसरशी छाटा, पाचट सरीत पसरा, थोडं युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून ओलावा ठेवा. उंदीर होतात, पाणी द्यायला त्रास होतो, तोडणीवाले कुरकुरतात, सगळं मान्य. तरी जाळू नका.

शंकेखोर

पाचटाला माझा पाठिंबा. पण बुरशी कर्ब साठवते या जाहिरातीला थोडा ब्रेक लावतो. जो आकडा फिरतोय तो २०२३ च्या एका अभ्यासातला आहे: जगभरातल्या वनस्पती वर्षाला १३.१२ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब मायकोरायझाच्या तंतूंकडे पाठवतात, म्हणजे जीवाश्म इंधनांच्या वार्षिक उत्सर्जनाच्या सुमारे ३६ टक्के. आकडा खोटा नाही. पण तो पाठवलेल्या कर्बाचा आहे. पगार खात्यात जमा झाला म्हणजे शिल्लक राहिली असं होत नाही. त्यातला बराच कर्ब बुरशी थोड्याच दिवसांत श्वासावाटे परत हवेत सोडते.

शिवाय त्या १३.१२ पैकी ९.०७ अब्ज टन मुळाला बाहेरून वेढणाऱ्या बुरशीच्या नावावर आहेत, म्हणजे मुख्यतः पाइन, ओक, बर्च यांची जंगलं. आपल्या पिकांतल्या प्रकाराच्या वाट्याला ३.९३, आणि त्यातही जगभरची गवताळ रानं आणि उष्ण प्रदेशातली बरीचशी जंगलं आली. आपला ऊस त्यात कितीसा असणार!

ग्लोमॅलिनचंही तेच. अमेरिकी कृषी खात्याच्या सारा राइट यांनी १९९६ मध्ये ते पुढं आणलं: बुरशी एक चिकट प्रथिन तयार करते आणि त्यानं माती बांधली जाते. पुढं कळलं की माती उच्च तापमानाला उकळून जे काढलं जातं त्यात इतर प्रथिनं आणि ह्युमसही येतं. आता जाणकार 'ग्लोमॅलिनशी संबंधित मृदा प्रथिन' असं सावध म्हणतात. आणखी एक: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवल्यावर याच बुरशीमुळं मातीतलं जुनं सेंद्रिय द्रव्य जास्त वेगानं कुजलं. म्हणजे ही बुरशी कर्ब आणते, बांधते आणि काही परिस्थितीत मोडतेही.

पाचटवाला

मान्य. म्हणूनच मी बुरशी टाका म्हणत नाही, मशागत कमी करा म्हणतो.

कल्लोळकाठ

मशागत कमी करा म्हणताय, मग हुमणीचं काय करायचं? उन्हाळी नांगरट केली नाही तर अळ्या वरती येत न्हाईत, पाखरं खात न्हाईत. मागं एका वर्षी बेट उपटलं तर हातात येत होतं, मुळंच न्हाईत. तुमची बुरशी कुठं बसणार?

पाचटवाला

मुळंच नसतील तर बुरशीचा विषय संपला, खरंय. हुमणी असलेल्या रानात खोडवा मोडल्यावर नांगरट कराच. प्रत्येक खोडव्यात, प्रत्येक सरीत, गरज नसताना रोटर फिरतो त्याबद्दल मी बोलतोय. नांगरलेलं रान पावसाला लागलं की ताग टाकून झाका, तीन महिने उघडं ठेवू नका.

कडोली_माळवं

आमच्या गावात एकजण येऊन गेला. कर्बाचे पैसे मिळतात म्हणे, सह्या करा, आधार द्या. बुरशी टाकायची, नांगरायचं न्हाई, आणि दहा वर्षं करार. कंपनीचं नाव लिवत न्हाई. करावं काय?

शंकेखोर

सही करायच्या आधी हिशेब समजून घ्या. एक हेक्टरची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण १,९५० टन भरते (घनता १.३ धरली तर). त्यात सेंद्रिय कर्ब ०.५० चा ०.६० झाला, म्हणजे ०.१ टक्क्यानं वाढला, तर कर्ब सुमारे १.९५ टन. कार्बन डायऑक्साइडमध्ये ७ टनांच्या आसपास. एकरी धरलं तर तीन टनांहून थोडं कमी. आणि ०.१ टक्का वाढायला आपल्या उन्हात वर्षं जातात. एकाच रानात दोन कोपऱ्यांतल्या नमुन्यांतही एवढा फरक निघतो, त्यामुळं नमुने किती आणि कुठून घेणार हे महत्त्वाचं.

त्यांना विचारा: सुरुवातीचा नमुना कोण घेणार, किती खोलीपर्यंत, त्याची प्रत मला मिळणार का? तपासणीचा खर्च कोणाचा, आणि तो माझ्या पैशांतून कापणार का? टनामागं दर आज ठरणार की नंतर? महापुरानं माती वाहून गेली किंवा हुमणीमुळं नांगरावं लागलं तर मी पैसे परत करायचे का? करारनामा मराठीत नसला तर कन्नड किंवा इंग्रजी वाचणारा माणूस शेजारी बसवा. याची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत आधार देऊ नका.

काउंटरपलीकडून (चिकोडी)

आमच्याकडेही आले होते, दुकानात फलक लावा म्हणून. नाही लावला.

कडोली_माळवं

बरं झालं विचारलं. बाई, ते शाईचं बघायचं असलं तर तुमच्याकडं मुळं घेऊन आलं तर चालंल काय?

खानापूरची_लेक

या की. शनिवारी सकाळची शाळा असते, अकरानंतर प्रयोगशाळा मोकळी. मुळं आदल्या दिवशी संध्याकाळी काढा, मातीसकट, ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकमध्ये ठेवा. सुकली की काही दिसत नाही. बटाट्याची आणि मक्याची आणा. शाई मी ठेवते, व्हिनेगर संपलंय, ते येताना घेऊन या.

कडोली_माळवं

आणि कोबीची?

खानापूरची_लेक

ती पण आणा. बुरशी नसलेलं मूळ मुलांना दाखवायला मिळतच नाही.